एकट्या पक्ष्यांची नोंद

काका गेले त्याला आता चार महिने होतील. ते माझ्या नात्यातले नव्हते. पण त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ बसूनच राहिले. नंतर आमच्या जुन्या कचेरीतून पत्र आलं, की त्यांच्याविषयी दोन पानं लिहून द्या: शिक्षण, प्रशिक्षण, अनुभव. शिक्षणापुढे मी 'चौथी' असं लिहिलं, प्रशिक्षणापुढे काही लिहिता येईना. ती दोन पानं कशीबशी पूर्ण करून पाठवली. त्यात जे मावलं नाही ते इथे सावकाश लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही तिघं एका पाहणीवर काम करत होतो. मुलुंडच्या पूर्वेला, हमरस्ता ओलांडला की मिठागरं सुरू होत. त्यांच्या पलीकडे तिवरांची झाडी आणि मग खाडी. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून पाणपक्षी उतरत. ते किती येतात, कोणत्या तळ्यावर बसतात, याची पहिलीच व्यवस्थित मोजणी व्हायची होती. मिठागरांच्या जमिनीवर वस्त्या आणि कारखाने येणार असं तेव्हाच बोललं जात होतं. इथे काय आहे हे कागदावर नसेल, तर उद्या इथे काही नव्हतं असंच म्हणतील, हे सरांचं ठाम मत होतं.

सर म्हणजे पाहणीचे प्रमुख. औषधांच्या कंपनीतली बरी नोकरी सोडून ते या कामात आले होते आणि त्यांच्या सासरचे लोक अजून त्यांच्याशी नीट बोलत नसत. मी शाळामास्तरांची मुलगी, प्राणिशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेली. पक्षी मी आधी पुस्तकातल्या रंगीत पानांवर पाहिले होते, त्यामुळे खरा पक्षी दिसला की मला प्रथम तो पान क्रमांकासकट आठवे. घरचे बँकेच्या परीक्षेचा अर्ज आणून ठेवत आणि मी तो पुस्तकात खूण म्हणून घालत असे.

काका रत्नागिरीकडचे. भातशेतीतून सोळाव्या वर्षी मुंबईला आले आणि गिरणीत साचेखात्यात लागले. साचे म्हणजे माग. बावीस वर्षं त्यांनी चार-चार साचे एका वेळी सांभाळले. मग गिरणी बंद पडली. मुलुंडला राहणाऱ्या मेहुण्याने त्यांना मिठागरावर चिकटवलं. तिथे बायका डोक्यावरून मिठाच्या पाट्या आणून राशीवर ओतत आणि काका शेजारी उभे राहून पाट्या मोजत. आम्हाला बांधांवरून वाट दाखवणारा माणूस हवा होता, तेव्हा मुकादमाने त्यांनाच पुढे केलं.

पहिल्या दिवशी मी दुर्बिणीतून शेकाट्यांचा थवा मोजत होते. लांब लाल पायांचे ते पक्षी सारखे जागा बदलत. मी चाळिसाच्या आसपास गोंधळले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काका मागे उभे होते.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"हलतात हो सारखे."

"पाट्यापण हलतात. डोक्यावर असतात त्या." त्यांनी डोळे बारीक केले, ओठ हलवले आणि म्हणाले, "एकशे त्रेसष्ट. ते दोन बांधावरचे धरून."

मी तीन वेळा मोजलं. तिसऱ्यांदा एकशे त्रेसष्ट आले.

ते पाचापाचाने मोजत. नजर थव्यावरून अशी सरकवत, जशी विणलेल्या कापडावरून सरकवत असतील. कुठे धागा तुटलाय ते बावीस वर्षं पाहिलं, मग पक्षी काय, असं त्यांचं म्हणणं. नावं त्यांना आठवडाभरात पाठ झाली. वर वाकलेल्या चोचीच्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याला उचाट्या म्हणतात हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, "याची चोच कुणी उलटी बसवली गो?"

मग आमची पद्धतच ठरून गेली. काका मोजणार, मी मान वहीत घालून लिहिणार. प्रत्येक तळ्याचं एक पान, पानावर पक्ष्यांची नावं आणि समोर रकाने. ते नाव आणि आकडा पुकारत, मी तो आकडा घालत असे. "शेकाटे, ऐंशी. तुतवार, पस्तीस. चिखले, दोन." मधूनच ते "लाभ" असं म्हणत. "मीनखाई घार, लाभ." "उचाट्या, लाभ." मला ते फार आवडे. आमच्याकडे दिवाळीत दारावर शुभ-लाभ लिहीत. हा माणूस पक्ष्याच्या नावापुढे देवाचं नाव घेतल्यासारखं लाभ म्हणतो, असं मला वाटे. एकदा मी विचारलंही, "काका, लाभ का म्हणता?"

"म्हणायचं असतं," ते म्हणाले. "बरं असतं."

माझं समाधान झालं. मी मितभाषी होते आणि माझ्या मितभाषीपणाला मी नम्रता समजत असे. लाभ म्हटल्यावर मी आकड्याची वाट पाही. आकडा येत नसे, ते पुढच्या पक्ष्याकडे वळत. मी तो रकाना मोकळा सोडून देई. मोकळा रकाना म्हणजे पक्षी नाही. माझ्या मनात त्याचा अर्थ असा लागला होता, की हा पक्षी इथे असायला हवा, आज नाही, येवो. आता लिहितानाही कानशिलं गरम होतात, पण तेव्हा मला तो अर्थ अगदी नीट बसत होता.

फेब्रुवारीत कळलं, की पाहणीसाठी क्षेत्र सहायकाची एक कायम जागा मंजूर झाली आहे. ही जागा काकांना मिळावी असं मला वाटत होतं, आणि त्यांना किती वाटत होतं ते त्यांनी बांधावर बसून भाकरी खाताना सांगितलं.

"गिरणीत सुरुवातीला मी बदली होतो," ते म्हणाले. "बदली म्हणजे कायमचा माणूस आला नाय तर आपण. सकाळी फाटकावर उभं राहायचं. आज कोण आजारी हाय, कोण गावाला गेलाय, बघत. चार वर्षांनी हजेरीपटावर नाव चढलं. त्या दिवशी मी बायकोला पत्र लिवलं, पहिलं आणि शेवटचं." ते हसले. "आता परत बदली. मिठागरावर बदली, तुमच्याकडं बदली. एकदा पटावर नाव परत पायजे, बाय. मग मेलो तरी चालंल."

"असं काय बोलता?"

"बोलायला काय जातं? अर्ज लिव तू."

मी अर्ज लिहिला. अट मॅट्रिकची होती, पण 'किंवा समकक्ष अनुभव' असे शब्द खाली होते आणि त्या शब्दांवर माझा सगळा भरवसा होता. सोबत पुरावा म्हणून आमचं या मोसमाचं रजिस्टर जोडलं.

चार दिवसांनी सरांनी मला अंधेरीच्या कचेरीत बोलावलं. रजिस्टर त्यांच्या टेबलावर उघडं होतं.

"तुझे काका बांधावर झोपतात का गं?"

"नाही, सर."

"मग हे बघ. गेल्या बुधवारी तिसऱ्या तळ्यावर मी स्वतः उचाट्या पाहिला. सकाळी नऊ वाजता. एकटाच होता, शेकाट्यांत. तुम्ही दोघं तेव्हा तिथेच होतात. मी हमरस्त्यावरून पाहिला आणि तुमच्या नाकासमोर होता. रकाना कोरा." त्यांनी पानं उलटली. "मीनखाई घार, पूर्ण मोसमात एकदाही नाही. दलदलीतला ससाणा, नाही. अगं, ती घार मी तिथे दर फेरीला पाहतो. तुमचा थवा बरोबर असतो, शंकाच नाही. पण जो पक्षी एकटा येतो तो या माणसाला दिसतच नाही. आणि दुर्मीळ असतं ते एकटंच येतं ना? मोठी रास कुणीही मोजेल."

"काकांना दिसतं, सर. मला माहीत आहे."

"रजिस्टरला माहीत नाही. मला बावीस वर्षांचा साचेवाला नकोय, मला पक्षी पाहणारा हवाय. अर्जावर मी 'नाही' असं लिहिणार आहे."

"आठ दिवस थांबा," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट थांबला.

"काय करणार आठ दिवसांत?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. "थांबा," मी पुन्हा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मोजणीचा वार नव्हता. मी मिठागरावर गेले. काका राशीशेजारी उभे होते आणि बायका ओळीने पाट्या आणून ओतत होत्या. मी बांधावर उभी राहून त्यांचे डोळे पाहत राहिले. नवी रास सुरू होत होती. पहिली बाई आली, तिने पाटी उपडी केली.

"लाभ," काका म्हणाले.

दुसरी आली. "दोन." तिसरी आली. "तीन."

मग पहिली बाई परत आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ओ काका, सकाळपासून माझीच पाटी पहिली. पण कधी एक म्हणून मोजलीत नाय! लाभ, लाभ, लाभ. माझा काय लाभ झाला तो सांगा!"

बायका हसल्या. काकाही हसले. मी हसले नाही. मी चिखलात तशीच खाली बसले.

"काय झालं गो बाय?" ते जवळ आले. "ऊन लागलं?"

"काका, लाभ म्हणजे एक?"

"मगे?"

"मग एक का म्हणत नाही?"

"पयलं कधी एक म्हणायचं नाय." हे त्यांनी असं सांगितलं, जसं लहान मुलाला पाटावर उलटं बसू नको म्हणून सांगतात. "आमच्याकडं खळ्यावर बाबा पायलीनं भात मापायचे. पयली पायली लाभ, मग दोन, मग तीन. एक म्हटलं की ते एकच राहतं. वाढत नाय. साच्यावर कापडाचं पयलं ठाण उतरलं तरी मी लाभच म्हणायचो. एवढी शाळा शिकलीस, तुला ठाऊक नाय?"

"नाही."

"तुमच्याकडं भात मापत नायत?"

"आमच्याकडे रेशनचा तांदूळ येतो, काका. पिशवीतून." आणि मग मी त्यांना सांगितलं. जिथे जिथे ते लाभ म्हणाले होते तिथे तिथे मी काहीच लिहिलं नव्हतं. साहेबांना वाटतं तुम्हाला एकटा पक्षी दिसत नाही. जागा त्यामुळे जाते आहे.

मागे पाट्या रिकाम्या होत राहिल्या. मुकादमाने हाक मारली तिकडे त्यांनी हात केला, थांब म्हणून.

"सगळे गेले?" त्यांनी विचारलं.

"एकटे होते ते सगळे."

"तू ते लिवायचीस ते काय होतं मग?"

"बाकीचे आकडे."

"मला वाटलं लिवतेयस." ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी घाईने म्हणाले, आपण बसून आठवू. तुम्हाला आठवत असेल, कोणत्या तळ्यावर काय होतं. मी भरून टाकते, साहेबांना कळणारही नाही.

तेव्हा मात्र ते माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "आठवणीनं नाय. साचेखात्यात कापड आठवणीनं मोजलं तर हाकलतात. जे गेलं ते गेलं. तसं सांग."

त्या आठवड्यात मी बरंच काही लिहिलं आणि फाडलं. शेवटी जे टाइप केलं ते अर्धं पान होतं. या मोसमातील एकट्या पक्ष्यांच्या नोंदी ग्राह्य धरू नयेत. मोजणाऱ्याने त्या पुकारल्या होत्या. लिहिणारीने त्या समजून घेतल्या नाहीत. दोष नोंदीचा आहे, मोजणीचा नाही. खाली माझं नाव आणि सही.

सरांनी ते दोनदा वाचलं. "लाभ," ते म्हणाले. "म्हणजे पूर्ण मोसमभर तुला वाटलं तो आशीर्वाद देतोय?"

"हो."

"आणि विचारलं नाहीस."

"एकदा विचारलं होतं. नीट नाही विचारलं."

ते हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. "हे अहवालात गेलं तर बाहेर शिकायला जायच्या त्या शिष्यवृत्तीसाठी तुझ्या नावाची शिफारस यंदा मला करता येणार नाही. समजतंय ना? तुझी जागा दुसऱ्या कुणाला जाईल."

"समजतंय. पण हे अहवालात गेलंच पाहिजे."

"आणि तुझ्या काकांची परीक्षा मी स्वतः घेणार. बांधावर."

पुढच्या बुधवारी आम्ही तिघं तिसऱ्या तळ्यावर गेलो. सरांनी तिपाईवर दुर्बीण लावली आणि आपले आकडे वेगळ्या कागदावर लिहून तो घडी करून खिशात ठेवला. मग काकांना पुकारायला सांगितलं. काकांनी थवे पुकारले, मी लिहून घेतले. तळ्याच्या कडेला एका खुंटावर मीनखाई घार बसली होती, पायाखाली मासा. काका तिच्याकडे वळले.

"मीनखाई घार," ते म्हणाले आणि थांबले.

"हं, किती?" सरांनी विचारलं. "एक म्हणा, काका. तेवढं म्हटलंत की झालं. उद्यापासून एक म्हणणार असाल तर जागा तुमची."

काकांनी तोंड उघडलं. मी पाहत होते, त्यांनी खरोखर प्रयत्न केला. मला वाटलं ते म्हणतील, पटावर नाव चढावं म्हणून म्हणतील. घार खुंटावर मासा फाडत होती.

"साहेब," ते शेवटी म्हणाले, "नाय येत तोंडातून. एवढी चांगली घार हाय. तिला एक कसं म्हणू?"

सर माझ्याकडे वळले. "ऐकलंस? मी काय करू आता?"

"त्यांना लाभच म्हणू द्या," मी म्हणाले. दोन दिवस मी याचाच विचार करत होते, त्यामुळे शब्द तयार होते. "रजिस्टरच्या पहिल्या पानावर आपण खुणा देतो ना, भरतीसाठी भ, ओहोटीसाठी ओ. त्यात एक ओळ वाढवू. लाभ म्हणजे एक. आकडा मी लिहीन."

"तू नेहमी असशील? उद्या लिहायला कुणी गुजराती मुलगी येईल, कुणी तमिळ मुलगा येईल. त्यांना काय कळणार लाभ?"

"त्यांना पहिलं पान वाचता येईल, सर. मला कुणी वाचायला दिलं नव्हतं."

सरांनी खिशातला कागद काढून काकांपुढे धरला. काकांना तो वाचता आला नाही, अक्षर इंग्रजी होतं, पण त्यांनी तो आदराने हातात घेतला.

"जुळलंय, काका," सर म्हणाले. "एका ठिकाणी तुमचे दोन जास्त आहेत."

"बांधाच्या मागं दोन हायत. तुम्हाला तिथून दिसणार नायत. या इकडं."

सर बूट चिखलात घालून तिकडे गेले. दोन होते.

घरी मी वडिलांना सगळं सांगितलं. शिष्यवृत्तीचंही. ते वही तपासत होते. त्यांनी लाल पेन बंद केलं. "चूक लिहून दिलीस?"

"हो."

"मग जेव आता," ते म्हणाले. त्या रात्री बँकेचा अर्ज कुणी काढला नाही.

काकांचं नेमणुकीचं पत्र पावसाळ्यानंतर आलं. हुद्दा: क्षेत्र सहायक. अनुभवाच्या रकान्यात सरांनी स्वतः लिहिलं होतं: शेती, साचेखाते, मिठागर, मोजणी. काकांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "शेती कशाला घातली?" ते म्हणाले. पण पत्र घडी न करता, पुठ्ठ्यात घालून घरी नेलं.

मी त्या वर्षी कुठे गेले नाही. मोसम पुन्हा मोजायचा होता. ज्या रकान्यांवर मी पाणी सोडायला लावलं होतं ते भरून काढल्याशिवाय मला तिथून हलायचं नव्हतं. सरांनी मला तात्पुरती म्हणून ठेवून घेतलं, मोसमापुरती.

नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी काका कचेरीत आले ते इस्त्रीचा सदरा घालून. टायपिस्टने हजेरीपट त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी नाव वाचायला बोट खाली आणलं, एक एक ओळ, आणि सापडल्यावर बोट तिथेच ठेवलं. मग सही केली. सही म्हणजे त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि ते रकान्यात मावलं नाही, शेजारच्या माणसाच्या चौकटीत गेलं. टायपिस्ट कुरकुरला.

"राहू दे," मी म्हणाले. "वाचता येतंय ना?"

काकांनी शाई वाळेपर्यंत पट मिटू दिला नाही. मग आम्ही मुलुंडची बस पकडायला निघालो, कारण ओहोटी साडेबाराला होती आणि पहिलं तळं लांब होतं.